डोळे मिटून ओळखता येईल अशी भाजी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही पुण्यात राहता, दोघंही नोकरी करता, मुलगा 6 वर्षांचा आहे. रोज सकाळी भाजी करून डब्यात देता आणि संध्याकाळी त्यातली निम्मी परत येते. फळं दर रविवारी आणता, ती गुरुवारपर्यंत फ्रीजमध्ये सुकून जातात. तुम्हाला स्वतःलाही भाजी खाताना काही वाटत नाही, "औषध घेतल्यासारखी खाते" असे तुमचे शब्द आहेत. शेवटी विचारलंय की कोणता मसाला वापरला तर भाजीला चव येईल. आणि मध्येच एक ओळ आहे, की रोह्याच्या आजीच्या हातचं पडवळ लहानपणी तुम्ही मागून घ्यायचात.

मला त्या मधल्या ओळीनेच धरून ठेवलं. पडवळ ही काही लाडाची भाजी नाही. कच्चं असताना त्याला उग्र वास येतो आणि नुसतं शिजवलं तर ते पाणचट लागतं. असं पडवळ ज्या मुलीने मागून खाल्लं, तिला भाजी आवडत नाही हे मी कसं मानू? तुम्हाला भाजी आवडते. ती तुमच्या ताटातून कुठेतरी हरवली आहे, आणि ती कुठे हरवली हे शोधायचं आहे.

मी पुण्यात 26 वर्षं जेवणाचे डबे करते. माहेर गुहागरकडचं, सासर जळगाव जिल्ह्यातलं. ओलं खोबरं आणि आमसुलावर वाढले, शेंगदाणे-लसूण-हिरवी मिरची लग्नानंतर शिकले. रोज 50 माणसांना भाजी करून घालायची आणि डबा परत आला की त्यात काय उरलंय ते बघायचं, यातून मी जे शिकले तेच खाली लिहिते.

काही गोष्टी घराघरावर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल, मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर कोणती पालेभाजी आणि कोणतं फळ किती खायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा. तिथे माझा अनुभव कामाचा नाही. सकाळी तुमच्या हातात 20 मिनिटं आहेत की 50, यावरही बरंच ठरतं. भाजी कुठून येते यावर तर फारच. दोन दिवस प्लास्टिकच्या पिशवीत घामेजलेली मेथी कुणाच्याही हातून चांगली होणार नाही. तेव्हा यातलं तुमच्या घराला बसेल तेवढंच घ्या.

आता माझ्या दुसऱ्या वर्षातली एक गोष्ट. डबे वाढले होते, हात कमी पडत होते, म्हणून मी रविवारी एकदाच कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि टोमॅटो परतून आठवड्याचं वाटण करून ठेवायला लागले. सोमवारी त्यात फ्लॉवर, मंगळवारी दुधी, बुधवारी वांगं. काम सोपं झालं, कुणाची तक्रारही आली नाही. एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडून डबा घेत, एकट्या राहत. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने आधीच अंधुक दिसायचं. त्यांचा फोन आला आणि त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "आज भाजी कोणती होती हो? दिसत नाहीये, आणि चवीवरून कळलं नाही." भाजी दोडक्याची होती. मी फोन ठेवला आणि कढईत उरलेली भाजी डोळे मिटून खाऊन बघितली. मलाही कळलं नसतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण चांगला कोवळा दोडका होता आणि तो मी वाया घालवला होता.

तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे. डोळे मिटून घास घेतला तर कोणती भाजी आहे ते जिभेला कळलं पाहिजे. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे असं मला वाटतं. नवा मसाला आणलात तर दोन आठवडे बरं वाटेल, मग त्याचाही कंटाळा येईल, कारण पाचही दिवस तुम्ही तो मसालाच खात असाल.

कढईत पहिल्या पाच मिनिटांत काय जातं ते उद्या सकाळी नीट बघा. माझा अंदाज असा: तेल, मोहरी-जिरं, कांदा, आलं-लसणाची पेस्ट, टोमॅटो, तिखट, गरम मसाला. मग त्यात आज फ्लॉवर, उद्या भेंडी, परवा सिमला मिरची. टोमॅटोशी माझं वैर नाही. पण टोमॅटो, बटाटा, मिरची ही मंडळी मूळची अमेरिका खंडातली, युरोपीय लोकांबरोबर आपल्याकडे आली आणि घरची झाली. टोमॅटो तर त्यातही मागाहून रुळला. माझी आजी त्याला "बेलवांगं" म्हणायची आणि क्वचितच आणायची. मग टोमॅटोच्या आधी भाजीत आंबट काय होतं? कोकणात आमसूल, देशावर चिंच, चैत्र-वैशाखात कैरी, पातळ पालेभाजीला ताक, कुठे चुक्याची पानं. हे आंबट एकसारखे नाहीत. आमसूल मागे राहून भाजीला पुढे करतं. चिंचेला गुळाची सोबत लागते, म्हणून ती कारल्याला आणि अळूला शोभते. ताक चाकवताला मऊ करतं. या सगळ्यांच्या जागी एकटा टोमॅटो बसवला की सगळ्या भाज्यांचं तोंड सारखं दिसायला लागतं. एक आठवडा टोमॅटो फक्त एकाच भाजीत घाला आणि बाकी दिवस बाकीचे आंबट वापरून बघा. खर्च नाही, वेळ नाही, आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

फोडणीचंही तेच. गवारीला ओवा, लाल भोपळ्याला मेथीदाणे, लाल माठाला ठेचलेला लसूण, शेपूला भिजवलेली मूगडाळ, घेवड्याला गोडा मसाला. या जोड्या आपल्या आज्यांनी चाखून चाखून लावल्या आहेत. भोपळा गोड असतो, मेथीदाण्याच्या कडवटपणाने तो गोडवा नीट उठून दिसतो. शेपूचा वास तीव्र असतो, मूगडाळ तो थोडा पिऊन घेते, मग शेपू न आवडणारी माणसंही खातात. भोपळ्याला गरम मसाला घालून बघा, मग मेथीदाण्याची फोडणी देऊन बघा. दुसऱ्या वेळी भोपळा लागेल.

मसाल्याहून जास्त फरक मला विस्तव, पाणी आणि झाकण यांनी पडताना दिसला आहे, म्हणून इथे जरा सावकाश सांगते.

भेंडीपासून धरू. भेंडीतला बुळबुळीतपणा पाण्याने वाढतो. म्हणून ती आदल्या रात्री धुवा, फडक्यावर पसरून कोरडी होऊ द्या, सकाळी चिरा. चिरून मग धुतली की काम बिघडलं. पसरट कढई, तेल नीट तापलेलं, झाकण नाही, आणि सारखं ढवळायचं नाही. थोडी परतली की दोन आमसुलं टाकायची, आंबटाने तार तुटते. मीठ शेवटी, कारण मीठ लवकर पडलं की भेंडी पाणी सोडते. कांदासुद्धा नको. अशी भेंडी माझ्याकडच्या डब्यातून कधी परत आली नाही.

पालेभाजी याच्या उलट घाईची. मेथी, माठ, पालक यांचा हिरवा रंग आंबटाने आणि जास्त शिजवल्याने खाकी होतो. भाजी शिजताना तिच्यातूनच थोडं आम्ल वाफेबरोबर बाहेर पडतं, झाकण ठेवलं की ते परत भाजीत येतं. म्हणून पालेभाजी उघडी शिजवायची, आणि मेथीत टोमॅटो घालायचा नाही. मीठ पाला आळल्यावर. कढईभर पाला बघून मीठ घातलं की शेवटी वाटीभर खारट भाजी उरते, ही चूक नव्या हातांकडून नेहमी होते. चुका आणि अंबाडी जात्याच आंबट, त्यांचा रंग जाणारच, त्यांच्याकडून हिरवेपणाची अपेक्षा ठेवू नका. अंबाडी उकडून, पाणी काढून, ज्वारीच्या नाहीतर तांदळाच्या कण्या घालून घोटायची आणि वरून लसणीचं तडतडतं तेल. तिचं सुख त्या तेलात आहे.

कोबी जितका जास्त शिजेल तितका त्याला तो नकोसा वास सुटतो. तुमच्या मुलाला कोबी आवडत नसेल तर बहुतेक त्याला तो वासच आवडत नाही. बारीक चिरा, मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं, दाताखाली कुरकुर राहिली पाहिजे. भिजवलेली हरभराडाळ घालायची असेल तर ती आधी शिजवून घ्या, नाहीतर डाळ शिजेपर्यंत कोबी मरतो.

गवार, तोंडली, फरसबी, घेवडा यांना मात्र वेळ लागतो, आणि त्यांच्यात भसकन पाणी ओतलं की चव त्या पाण्यात जाते. यासाठी आपल्याकडची झाकणात पाणी ठेवायची पद्धत फार सुंदर आहे. कढईवर खोलगट ताटली ठेवायची, ताटलीत पाणी. आतली वाफ थंड ताटलीला लागून थेंब थेंब भाजीवर पडते, भाजी स्वतःच्या वाफेत शिजते, खाली लागत नाही. ताटलीतलं पाणी गरम होतंच, लागलं तर तेच दोन चमचे घालायचं. तुमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्यांत तोंडली होत असतील तर एकदा अशी करा, मोठी तोंडली घेऊ नका, लहान टणक बघून घ्या आणि उभी चिरा, शेवटी ओलं खोबरं. कोकणात आणि गोव्यात ओले काजू मिळतात तेव्हा तेही घालतात. 25 मिनिटं लागतात, पण त्यातली 20 मिनिटं तुम्ही बाकीचं आवरू शकता.

दुधी आणि घोसाळी यांच्यात पाणीच इतकं असतं की वरून थेंब लागत नाही. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. दुधी, दोडका, काकडी चिरली की एक कच्चा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर ती अख्खी भाजी फेकून द्यायची, शिजवून किंवा रस काढून पोटात घालायची नाही. कडू दुधीने माणसं गंभीर आजारी पडतात. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो त्याचा स्वभाव आहे. कारलं मीठ लावून थोडं पिळलं तरी चालतं, पण सगळा कडूपणा घालवायच्या मागे लागू नका, नाहीतर कारलं खाण्यात काय उरलं? पातळ काचऱ्या करून मंद आचेवर कुरकुरीत परतलेलं कारलं वरण-भाताबरोबर मला आजही पक्वान्नासारखं वाटतं.

वांग्याबद्दल सासरकडून शिकले. वांगं स्पंजासारखं असतं, तेल घालाल तितकं पितं आणि जड होतं. जळगावकडे भरिताची वांगी हिरवट, मोठी, कमी बियांची असतात, 2016 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. हिवाळ्यात शेतात काट्या-काटक्या पेटवून त्यांच्यावर वांगी भाजतात, मिरच्या आणि लसूण भाजून ठेचतात, लाकडी बडगीत सगळं एकत्र कुटतात, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेलाची फोडणी, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी नवी सून होते आणि लाजत लाजत तिसऱ्यांदा वाढून घेतलं. त्यात मसाला म्हणावा असं काहीच नव्हतं. आगीची चव होती आणि वांग्याची. गॅसवर तो धूर येत नाही, तरी वांगं सगळीकडून काळं होईपर्यंत भाजा, अर्धं भाजून उरलेलं कढईत शिजवू नका. भाजल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवलं की साल आपोआप सुटते.

डब्याबद्दल एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. गरम भाजी डब्यात भरून लगेच झाकण लावलं की ती आत दुपारपर्यंत घाम गाळत बसते. कुरकुरीत भेंडी लिबलिबीत होते, कोबीला वास सुटतो. मी भाजी परातीत पसरून दहा मिनिटं वाफ जाऊ देते, मग भरते. तुमची भाजी सकाळी सात वाजता चांगली असेल आणि एक वाजता नसेल, असंही असू शकतं. सात वाजता चव घेऊन बघितलीत का कधी?

यानंतर बाजार. तुम्ही लिहिलेल्या आठवड्याच्या यादीत फ्लॉवर, भेंडी, सिमला मिरची, बटाटा आणि पनीर आहे. ही यादी जानेवारीतही तीच आणि जुलैतही तीच असणार. जिभेला ऋतू कळला नाही की ती वाट बघायला विसरते, आणि खाण्यातलं निम्मं सुख वाट बघण्यात आहे. मी आठवड्यातून एकदा महात्मा फुले मंडईत जाते, आणि पहिल्या फेरीत काहीच न घेता नुसती बघते. ज्याचे ढीग मोठे आणि भाव उतरलेला, ते आज घ्यायचं. भाजीवालीला "आज काय चांगलंय?" एवढं विचारा, त्या खरं सांगतात, कारण तुम्ही परत यावं असं त्यांना वाटतं.

पावसाच्या सुरुवातीला टाकळा येतो, मग फोडशी, कर्टोली. टाकळा कांद्यावर परतून ओलं खोबरं घातलं की झालं. शेवळं ठाणे-रायगडकडे पहिल्या पावसात निघतात, पण ती काकड नावाच्या रानझाडाच्या फळांबरोबर शिजवायची असतात, नाहीतर घसा खाजतो. म्हणून रानभाजी ओळखीच्या बाईकडूनच घ्यायची आणि कशी करायची हेही तिलाच विचारायचं. भाद्रपदात ऋषिपंचमीची भाजी: अळू, माठाचे देठ, लाल भोपळा, सुरण, पडवळ, भेंडी, कणीस, चिंच, खोबरं, आणि बऱ्याच घरांत फोडणीसुद्धा नाही. बैलाच्या मेहनतीचं काही त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसातलंच सगळं. ही भाजी एकदा लक्ष देऊन खा. मसाला नसताना इतक्या चवी येतात कुठून, हा प्रश्न पडेल. आणि जानेवारीत भोगीची भाजी, तिच्यात ओले हरभरे, पावटे, गाजर, वांगी, बोरं, उसाचे करवे, तिळाचं कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. थंडीत शेतात जे जे आहे ते सगळं एका कढईत. आठवड्यातून एक अनोळखी भाजी घरी आणायची एवढा नियम केलात तरी वर्षभरात 50 भाज्या होतील, आणि तुमच्या मुलाच्या तोंडी त्यांची नावं बसतील.

फळांचं. ती सुकतात कारण ती "नंतर खाऊ" म्हणून ठेवलेली असतात, आणि दमून घरी आल्यावर पेरू धुऊन चिरायला कुणी उठत नाही. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते, बटाट्यासारखे पिठूळ कंद त्यात धरत नाही. आकडा मोठा वाटतो, पण एक वाटी भाजी, दोन्ही जेवणांत कोशिंबीर, एक पेरू आणि एक केळं एवढ्यात तो गाठला जातो. माझा मार्ग असा की फळाला जेवणाच्या ताटातच जागा द्यायची. घट्ट पण पिकलेला पेरू, बिया काढून, दही, मीठ, चिमूटभर साखर आणि वर तूप-जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी. केळ्याची कोशिंबीर दह्यात, थोडी मोहरी फेसून. डाळिंबाचे दाणे कोबीच्या पचडीत. चैत्रात आंब्याची डाळ, म्हणजे भिजवलेली हरभराडाळ भरड वाटून त्यात किसलेली कैरी आणि हिंगाची फोडणी. मे महिन्यात आमच्याकडे रायवळ आंब्याचं सासव व्हायचं, ओलं खोबरं, मोहरी आणि सुकी मिरची वाटून, गूळ घालून, त्यात अख्खे आंबे. गोव्यात अननसाचंही करतात. भाताबरोबर ते खाताना कोय चोखायला हात कोपरापर्यंत भरायचे आणि कुणी रागवायचं नाही.

फळं घेताना एक लक्षात ठेवा. आंबा, केळं, चिकू, पपई, पेरू ही तोडल्यावरही पिकतात, म्हणून थोडी कच्ची घेऊन बाहेर ठेवायची आणि पिकली की खायची. ती कच्ची असताना फ्रीजमध्ये घातली की नीट पिकत नाहीत. तुमचे चिकू दगडासारखे राहून मग सुकले असतील तर कारण हेच. द्राक्षं, संत्री, डाळिंब, स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाहीत, ती चाखूनच घ्यायची आणि लवकर संपवायची. रविवारी सहा प्रकार आणण्यापेक्षा रविवारी दोन आणि बुधवारी येताना दोन आणा. आणि ती टेबलावर ठेवा, समोर दिसली तर खाल्ली जातात.

मुलाबद्दल मला जास्त सांगायचं नाही, कारण प्रत्येक मूल निराळं. पराठ्यात लपवून भाजी खायला घालणं मला पटत नाही. पोट भरतं, पण भाजीशी ओळख होत नाही, आणि एक दिवस त्याला कळलं की तो पराठ्यावरही संशय घेतो. मटार, पावटे सोलायला त्याला बसवा. सोलताना निम्मे तोंडात जातील, जाऊ द्या. एखादी भाजी त्याने पाच-सहा वेळा नाकारली तरी चमचाभर वाढत राहा आणि आग्रह करू नका. माझ्या धाकट्याने दोडका खायला तिसरीत सुरुवात केली, तीही दोडक्याच्या शिरांच्या चटणीपासून. शिरा बारीक चिरून तेलावर कुरकुरीत परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, मीठ, तिखट. भाकरीवर पसरून ती चटणी खाता खाता तो दोडक्यापर्यंत पोचला.

आता तुमचं पडवळ. तुमची आजी रोह्याची होती म्हणजे ते बहुतेक कडव्या वालांचं असणार. तिची कृती माझ्याकडे नाही, माझ्या आईची सांगते, ती फार लांबची नसावी. वाटीभर कडवे वाल शुक्रवारी सकाळी भिजवा, रात्री उपसून फडक्यात बांधा, रविवारी मोड आलेले असतील. कोमट पाण्यात टाकून सोला, मुलाला बरोबर घ्या, बोटाने दाबलं की डाळिंबी टुणकन बाहेर येते आणि त्याला तो खेळ आवडेल. पाव किलो पडवळ कोवळं घ्या, नखाने साल दबली पाहिजे. वरची पांढुरकी साय सुरीने खरवडा, उभं चिरून आतला गर आणि बिया काढा, अर्धचंद्र काप करा, चिमूट मीठ चोळून पाच मिनिटांनी हलकं पिळा. त्याने तो उग्र वास जातो.

दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, एक हिरवी मिरची. आधी डाळिंब्या परता, त्या बुडतील इतपत गरम पाणी, ताटलीत पाणी ठेवून मंद आचेवर. डाळिंबी बोटाने निम्मी दबली की पडवळ घाला. पडवळ पारदर्शक दिसायला लागलं की तीन आमसुलं, बोराएवढा गूळ, मीठ. आमसूल आधी घालू नका, आंबट पडलं की वाल शिजायचे थांबतात. शेवटी मूठभर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. ढवळताना उलथनं कडेने फिरवा, डाळिंब्या अख्ख्या राहिल्या पाहिजेत. कांदा, लसूण, टोमॅटो, गरम मसाला यातलं काही नको. पहिल्यांदा केलंत की तुम्हाला काहीतरी राहिलंय असं वाटेल, तरी घालू नका.

पडवळाचा काढलेला गर आणि बिया कोवळ्या असतील तर टाकू नका. त्या तव्यावर थोड्या तेलात खरपूस होईपर्यंत परता, भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लसणीच्या दोन पाकळ्या आणि मीठ घालून भरड वाटा. आजी तीही करत असणार. तुमच्या आईला विचारून बघा, आणि त्यांच्याकडे पडवळात गूळ घालायचे की नाही तेही विचारा, मला उत्सुकता आहे.